आबांनी चाखलेलं पाणी

आमच्या घरात खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आली ती दाताच्या डॉक्टरांमुळे. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कवळी बसवायला मी माणिकपूरच्या एका दवाखान्यात घेऊन गेले होते. तिथे बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून एक काचेची टाकी होती आणि तिच्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे फिरत होते. कवळी बसली, मी खाली जाऊन रिक्षा थांबवली, मागे वळून बघते तर आबा नाहीत. वर गेले तर ते परत त्याच खुर्चीत बसलेले. मला वाटलं, दुखतंय. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाले, "थांब जरा. हे पानी खारं हाय."

झाकण उघडलेलं नाही, बोट बुडवलेलं नाही, नुसतं बघून त्यांनी ते कसं ओळखलं ते मला अजून माहीत नाही. रिक्षावाला निघून गेला आणि आम्ही तासभर तिथेच बसलो.

आई गेल्यावर आबा आमच्याकडे राहायला आले त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मी एकुलती एक, त्यामुळे जाणार तरी कुठे. खाडीकाठची आमची भातशेती चुलतभाऊ बघत होते. आबांना चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून समोरचा रिक्षास्टँड बघण्यापलीकडे काही काम उरलं नव्हतं. ते तक्रार करत नसत. तक्रार केली असती तर मी भांडले असते आणि दोघांनाही बरं वाटलं असतं. पण ते नुसते गप्प बसायचे, आणि गप्प बसलेल्या माणसाशी भांडायची सोय नसते. म्हणून त्या दवाखान्यात त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते घरी आणायचंच असं मी ठरवलं. नवऱ्याने एवढंच विचारलं, की आपल्याला यातलं काय येतं. मी म्हटलं, मला मायक्रोस्कोप येतो, आबांना पाणी येतं, अजून काय लागतं?

हे मी फुशारकीने म्हटलं खरं, पण खोटं काही नव्हतं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या रक्तात आणि थुंकीत काय काय आहे ते दिवसभर बघत असते. आणि आबा गावात पाणी चाखायचे.

आमच्या गावात भाताची जमीन आणि भरतीचं पाणी यांच्यामध्ये मातीचा बांध होता आणि बांधाला पाणी सोडायची लाकडी झडप. उन्हाळाभर जमिनीत मीठ चढायचं. पावसाळ्यात शेतात पाणी साठलं की ते मीठ त्यात उतरायचं. मग ओहोटी बघून झडप उघडायची, ते पाणी खाडीत सोडायचं, परत साठू द्यायचं, परत सोडायचं. असं किती वेळा करायचं आणि रोप लावायला आता हरकत नाही हे कधी म्हणायचं, ते ठरवायचं काम गावात एकाच माणसाचं. आधी माझे आजोबा, मग आबा. ते शेतात उतरून दोन बोटं पाण्यात बुडवायचे, जिभेवर ठेवायचे, थुंकायचे आणि खाडीकडे बघत उभे राहायचे. बांधावरची सगळी माणसं गप्प. मग आबा म्हणायचे, अजून एक पाणी जाऊ दे, किंवा म्हणायचे, लावा. घाई झाली तर रोप जळायचं, उशीर झाला तर हंगाम हातचा जायचा. त्यांचं चुकल्याचं मला आठवत नाही. जिभेला जपायचं म्हणून त्यांनी जन्मात तंबाखू खाल्ली नाही. लग्नाकार्यात विड्याचं तबक पुढे आलं की हात जोडायचे. शाळेत बाईंनी वडील काय करतात विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, पाणी चाखतात. बाई हसल्या. मी घरी येऊन रडले, आणि आबांना तेही फार गमतीचं वाटलं.

टाकीसाठी मीठ विकत आणायचं म्हटल्यावर आबा चिडले. वर्षभरात पहिल्यांदा चिडले, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. राजोडीला अख्खा समुद्र पडलाय, दोन कॅन भरून आणू, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, त्यात बोटींचं डिझेल असतं, शिवाय काय काय वाहून येतं. मग म्हणाले, मिठागरावरचं मीठ आणू. मी म्हटलं, त्यात नुसतं मीठच उरतं, समुद्रातल्या बाकीच्या गोष्टी राहत नाहीत, आणि माशांना त्याही लागतात. हे मला दुकानदाराने सांगितलेलं, पण मी अशा थाटात सांगितलं की जणू माझाच शोध. शेवटी आरओच्या पाण्यात पिशवीतलं तयार मीठ ढवळून पहिली बादली झाली. आबांनी बोटं बुडवली, चाखलं आणि नाक मुरडलं. म्हणाले, समुद्रासारखं आहे, पण समुद्र नाही.

खारेपणा मोजायची एक नळी मी आणली होती. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, नळी उजेडाकडे धरून डोळ्याला लावायची, आत आकडा दिसतो. समुद्राचं पाणी पस्तीसच्या आसपास असतं. आबा चाखून म्हणायचे, अजून अर्धा चमचा. मी नळीतून बघायचे तर चौतीस. आबा म्हणायचे, आता झालं. बघायचे तर पस्तीस. पाच-सहा वेळा असं झाल्यावर मी नळी डब्यात घालून कपाटात ठेवली. आबा त्या नळीला हसायचे. ज्याला जीभ नाही त्याने आकडे बघावेत, असं त्यांचं मत होतं, आणि माझ्या सगळ्या नोकरीबद्दलही त्यांचं साधारण हेच मत होतं.

दवाखान्यात होती तसलीच केशरी-पांढरी जोडी आम्ही आणली. दोघांतली मोठी मादी. तिची चाल जरा अवजड होती म्हणून आबा तिला म्हातारी म्हणायचे. टाकीत हात घातला की ती येऊन त्यांच्या अंगठ्याला चावायची. माझ्या हाताला कधी आली नाही. आबा सकाळी उठून आधी तिला बघायचे, मग तोंड धुवायचे. दोन वर्षं अशी गेली. आमच्या घरातली ती सगळ्यात चांगली दोन वर्षं होती. आबा परत बोलायला लागले होते. जेवताना गावाकडचं काय काय सांगायचे, कुठल्या साली बांध फुटला, कोण झडपेपाशी रात्रभर बसलं. आमटीला मीठ नाही म्हणून रोज माझ्याशी भांडायचे. बीपीमुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, त्यामुळे ते भांडण मी मनापासून भांडायचे.

तिसऱ्या वर्षी मी शेण खाल्लं. विरारच्या दुकानात एक निळा मासा बघितला. शाईची दौत उपडी झाल्यासारखा निळा, शेपटीला पिवळी कड. दुकानदार सरळ माणूस होता. म्हणाला, मॅडम, हा तीन दिवसांपूर्वीच आलाय, घरी नेऊन महिनाभर वेगळा ठेवा. खातो का बघा, श्वास फार भरभर घेतो का बघा, दगडाला अंग घासतो का बघा. मगच जुन्या माशांत सोडा. उपाशीपोटी या असं सांगितल्यावर आमचे पेशंट जशी मान डोलावतात आणि चहा-बिस्किट खाऊन येतात, तशी मी मान डोलावली. मी उभी असतानाच त्या माशाने दोनदा दगडाला अंग घासलं होतं. मी ते बघितलं आणि मला ते गोड वाटलं. दुसऱ्याचा नमुना असता तर मी हातमोज्याशिवाय शिवले नसते.

घरी मोरीपाशी मी खरोखरच एक टब काढला होता. पण आबा म्हणाले, "पाव्हन्याला कोन बाहेर बसवतं?" ज्या माणसाने बांधाच्या आत पाण्याचा थेंब न चाखता कधी घेतला नाही, त्यानेच हे म्हणावं! पण आमच्याकडची रीतच ती. घरी आलेल्याला आधी आत घ्यायचं, मग विचारायचं कोण आणि कुठला. मलाही घाई होतीच. मी निळा मासा सरळ टाकीत सोडला आणि आम्ही तिघं समोर बसून बघत राहिलो.

चौथ्या दिवशी त्याच्या परांवर पांढरे ठिपके दिसले. मिठाचे कण शिंपडावेत तसे. मी घाबरले. तीन दिवसांनी ठिपके गेले, आणि आबा म्हणाले, बघ, नवीन जागेचं होतं, रुळला. मलाही तेच हवं होतं म्हणून मीही मानलं. आठवड्याने ठिपके परत आले ते तिन्ही माशांवर. निळ्याचं अंग भरून गेलं. म्हातारीचा नवरा तळाशी जाऊन भराभर कल्ले हलवायला लागला आणि संध्याकाळपर्यंत गेला. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून मी बाटलीत घेतला आणि लॅबमध्ये जाऊन मायक्रोस्कोपखाली बघितला. गोल, बारीक केसांचं काहीतरी संथपणे स्वतःभोवती फिरत होतं. तो पांढरा ठिपका म्हणजे हा किडा. ठिपका जातो तेव्हा रोग गेलेला नसतो. किडा माशावरून गळून तळाला चिकटतो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि परत मासे शोधत निघतात. हे सगळं मी पुस्तकात वाचून आबांना सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला होता, आणि तो त्यांच्यावर नव्हता, माझ्यावर होता. पण त्यांना तो त्यांच्यावरच वाटला असणार.

दुसऱ्या दिवशी निळा गेला. राहिली फक्त म्हातारी. तिच्या अंगावर तेव्हा सात-आठच ठिपके होते, पण तिने आबांच्या अंगठ्याला यायचं सोडलं होतं. आबा सकाळी टाकीपुढे उभे राहायचे आणि तोंड धुवायचं विसरायचे. ती गेली तर हा माणूस परत गॅलरीत जाऊन बसेल आणि मग उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. नवऱ्याशी मी तसं बोललेही.

दुकानदाराने फोनवर दोन उपाय सांगितले. एक तांब्याचं औषध, पण त्याचं माप जरा चुकलं की मासाच जातो. दुसरा उपाय म्हणजे मासा वेगळ्या टबात घेऊन पाण्यातलं मीठ हळूहळू उतरवायचं, पस्तीसवरून बारावर आणायचं आणि महिना-दीड महिना तिथेच ठेवायचं. कमी मिठात किडा तगत नाही, मासा तगतो. मात्र बाराच्या फार वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर सगळी मेहनत फुकट. मोठी टाकी तोवर माशांविना रिकामी ठेवायची, म्हणजे तिथले किडे उपाशी मरतात.

आबा लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, मीठ उतरवायचं ना, मग हे तर आपलंच काम. त्यांनी बाह्या वर केल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज बांधावरचा आवाज होता.

पहिले तीन दिवस आम्ही दोघांनी मिळून पाणी उतरवलं. मी नळीतून बघत होते, आबा चाखत होते. बारा झालं तेव्हा मी त्यांना म्हटलं, ही चव लक्षात ठेवा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी नळी मुकाट्याने कपाटात ठेवली. टबात मासा घाण करतो, त्यामुळे रोज बादलीभर पाणी काढून तेवढंच नवं करून घालावं लागतं. मी लॅबला जायचे, हे काम आबांकडे. नंतर मी मोजलं नाही. त्यांनी चाखलेलं पाणी मागून नळीने तपासणं म्हणजे त्यांना तोंडावर खोटं पाडणं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला त्यांच्या जिभेवर विश्वास ठेवायचा होता. मला परत लहानपणीची, बांधावर बसून त्यांच्या शब्दाची वाट बघणारी मुलगी व्हायचं होतं.

म्हातारीचे ठिपके गेले. ती थोडं खायला लागली. बाराव्या दिवशी ठिपके परत आले, दुप्पट.

आबा आगाशीला देवळात गेले होते. मी कपाटातून नळी काढली आणि टबातला थेंब टाकला. एकवीस. मी काच पुसली, परत टाकला. एकवीस. त्यांना पाणी रोज अळणी लागत होतं, आणि ते रोज एक चमचा जास्त घालत होते. मी तिथेच मोरीच्या पायरीवर बसले. मग मला आमटी आठवली. दीड वर्षं हा माणूस मला सांगत होता की मीठ लागत नाही, आणि मी डॉक्टरचं नाव सांगून त्यांच्यावर ओरडत होते. बीपीच्या गोळ्या असतील, कवळी असेल, वय असेल. डॉक्टरांनी नंतर हे तिन्ही सांगितलं आणि कशावरच बोट ठेवलं नाही.

मी काय करायला हवं होतं? सरळ सांगायचं. लॅबमध्ये मी रोज लोकांच्या हातात रिपोर्ट देते, कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. पण आबांना सांगायला माझी जीभ रेटेना. मी आरओचं पाणी घालून टब परत बारावर आणला. दुपारी आबांनी चाखलं, कपाळाला आठी घातली आणि मीठ टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर आणायला उतरले की मी परत गोडं पाणी. असे आम्ही चार दिवस त्या टबात एकमेकांविरुद्ध खेळत होतो, आणि मधे ती म्हातारी तळाला एका पाइपच्या तुकड्यात पडून होती. इतका चढउतार कुठलाच मासा सोसत नाही. पाचव्या दिवशी ती एका कुशीवर कलली. मी लॅबला सुट्टी टाकली आणि आबांना म्हटलं, आजपासून बादली मी करते, तुमची कंबर दुखते. तुम्ही नुसतं चाखा.

त्यांनी स्टूल ओढलं आणि टबाशी बसले. मी आधीच मोजून पाणी करून ठेवलं होतं, बरोबर बारा. त्यांनी बोटं बुडवली, जिभेवर ठेवली. म्हणाले, मीठ कमी आहे, एक चमचा घाल.

मी त्यांच्याकडे पाठ केली. मिठाच्या डब्याच्या आतल्या कडेला चमचा वाजवला, रिकामाच वर काढला, बादलीवर झटकल्यासारखं केलं आणि जोरजोरात ढवळलं. मग बादली त्यांच्यापुढे सरकवली. आबांनी परत चाखलं. डोळे मिटून, पूर्वी शेतात उभे राहायचे तितका वेळ घेऊन.

"आता बरोबर," ते म्हणाले.

मी ओतायला वाकले आणि तशीच थांबले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि लपवायला जागा नव्हती, मोरी ती केवढी. आबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मिठाचा डबा जवळ ओढला आणि आत बघितलं. वरचा थर सकाळी मी सपाट केलेला तसाच होता.

"टाकलंच नाय ना?"

मी मान हलवली.  आबांनी दोन्ही बोटं धोतराला पुसली. टबाकडे बघितलं, त्या कललेल्या मासोळीकडे बघितलं. तिला काय झालंय आणि कुणामुळे झालंय, हे त्यांना तेवढ्यात सगळं समजलं. मला त्यांना सांगायचं होतं, की निळा मासा मी आणला, दुकानदाराचं मी ऐकलं नाही, हे माझ्यामुळे झालं. तेही मी नंतर सांगितलं, तेव्हा नाही.

"तुझी नळी काय म्हनते?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"मग वत."

मी बादली ओतली.

म्हातारी वाचली. दहा दिवस ती खाईना, मग एके सकाळी कोळंबीचा बारीक तुकडा तिने उचलला. दीड महिना पाणी बारावर राहिलं, पुढे आठवडाभर रोज थोडं थोडं मीठ चढवत आम्ही तिला पस्तीसवर नेलं आणि मोठ्या टाकीत सोडलं. ती त्यांच्या अंगठ्याला परत चावायला लागली. त्या दिवशी आबा हसले, मीही हसले, नवऱ्याने पेढे आणले. आबांचं पाणी मी नळीने तपासलं ते बरोबर होतं. परत तशी वेळ आली तर परत तेच करीन, फक्त बारा दिवस आधी करीन.

आबा त्यानंतर तीन वर्षं होते. टाकीचं पाणी दर रविवारी बदलायचो. माझ्या नोकरीपेक्षा त्यांची जीभ खरी, हे त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून मी लहानाची मोठी झाले होते. एकदा तरी त्यांनी माझा आकडा मानावा, असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. आता दर रविवारी ते मानायचे. बादली तयार झाली की मी मुद्दाम ती त्यांच्यापुढे ठेवायचे, वाटायचं, एकदा बोट बुडवतील, नाक मुरडतील, नळीला हसतील. त्यांचे हात मांडीवर असायचे. ते विचारायचे, किती? मी आकडा सांगायचे, ते मान हलवायचे, आणि मी बादली ओतायचे.